बिनआवाजाची पद्मिनी

सुशीलाताई गायकवाडांना माणसं आधी ऐकू यायची आणि मग दिसायची. मी विश्रांतवाडीतल्या या सोसायटीत राहायला आलो, त्याच आठवड्यात जिन्यात आमची गाठ पडली. मी नाव सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "तुम्ही समोरच्या फ्लॅटमधले. ती स्कूटर तुमचीच ना? कार्बोरेटर साफ करून घ्या. गेटमधून आत येताना खोकते."

मी जरा फणकाऱ्यानंच विचारलं, "आपण मेकॅनिक आहात का?"

"नाही. मी फक्त समोर राहते. मलाच ऐकावं लागतं."

दुसऱ्या दिवशी मी कार्बोरेटर साफ करून आणला. मला कुणी शहाणपण शिकवलेलं खपत नाही, पण या बाईपुढे वाद घालण्यात अर्थ नाही हे पहिल्या भेटीतच कळलं होतं.

त्यांची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. ट्रंक कॉलच्या जमान्यात कानाला हेडफोन लावून त्या गावोगावच्या लाइनी जोडून द्यायच्या. त्या सांगायच्या, माणूस 'हॅलो' म्हणायच्या आधी श्वास घेतो, आणि बातमी बरी की वाईट हे त्या श्वासातच कळतं. कान त्यांनी खात्याला परत केला नाही, निवृत्त होताना बरोबर घेऊन आल्या. इमारतीतल्या कुठल्या कुकरची शिट्टी कुणाची, खालच्या मजल्यावरचं भांडण आज खरं आहे की नुसतं सवयीचं, हे त्यांना घरात बसून कळायचं. चुगली मात्र कधी केली नाही. "ऑपरेटरनं ऐकायचं असतं, बोलायचं नसतं," म्हणायच्या. आणखी एक सवय होती. फोन त्या कधी आधी ठेवत नसत. मोबाइल आला तरी पलीकडच्यानं कट केल्यावर त्या क्षणभर तो कानाला तसाच धरून उभ्या राहत. लाइन नीट सुटली की नाही हे ऐकल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

त्यांचे यजमान भास्करराव खडकीच्या एका कारखान्यात फोरमन होते. हा माणूस इतका अबोल की मी सोसायटीचा सेक्रेटरी असताना त्यांनी सभेत उच्चारलेलं एकमेव वाक्य "माझी हरकत नाही" हे होतं. जिन्यात भेटले की मी "जयभीम, भास्करराव" म्हणायचो, ते हसून "जयभीम" म्हणायचे आणि पायऱ्या चढायला लागायचे. त्यांच्याकडे जे काही बोलणं होतं ते त्यांची गाडी बोलायची. दुधी रंगाची, जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली पद्मिनी. गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी, खिडकीच्या काचेला गोल फिरवायचं हँडल. सायलेन्सरला एक बारीक भोक पडलेलं होतं. ते बुजवून टाका म्हणून मी एकदा सुचवलं, तर भास्करराव लाजून म्हणाले, "असू दे. हिला कळतं."

हिला काय कळतं, ते मला हळूहळू उलगडलं. संध्याकाळी कारखान्यातून येताना ते कोपऱ्यावरच्या वळणाला गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकायचे. त्या भोकातून एक फाटका, घोगरा आवाज निघायचा. मग गेट, मग पार्किंग, आणि चावी बंद करायच्या आधी ॲक्सिलरेटरवर पाय देऊन एक रेस. रेस देऊन बंद केली की पुढच्या वेळी गाडी पटकन लागते, असा त्या काळच्या बऱ्याच गाडीवाल्यांचा समज होता. खरा की खोटा मला माहीत नाही. पण कोपऱ्यावर आवाज आला की वर सुशीलाताई चहाचं आधण ठेवायच्या आणि रेस ऐकली की त्यात पत्ती टाकायच्या. भास्करराव जिना चढून येईपर्यंत चहा कपात. त्यांच्या संसाराचं घड्याळ म्हणजे ती गाडी.

भास्कररावांना मरण आलं तेही त्या गाडीतच. निवृत्तीनंतर एका रविवारी सकाळी ते मटण आणायला म्हणून निघाले आणि येरवड्याच्या बाजूला कुठेतरी छातीत कळ आली. त्यांनी गाडी नीट रस्त्याच्या कडेला घेतली, न्यूट्रल केली, हँडब्रेक ओढला. लोकांनी पाहिलं तेव्हा इंजिन चालूच होतं. त्यांच्या खिशातल्या कार्डावर रशीदभाईंचा नंबर होता. रशीदभाई म्हणजे त्यांचा मेकॅनिक आणि खरं तर एकुलता एक मित्र. ते धावत गेले, हॉस्पिटल झालं, डॉक्टरांनी सांगायचं ते सांगितलं. मग ही बातमी फोनवर कशी द्यायची म्हणून रशीदभाई गाडी घेऊनच सोसायटीत आले.

गाडी कोपऱ्यावर वळली. सुशीलाताईंनी आधण ठेवलं. रशीदभाईंनाही जुन्या गाड्यांची सवय, त्यांनीही बंद करताना रेस दिली. सुशीलाताईंनी पत्ती टाकली, दार उघडलं, आणि दारात रशीदभाई उभे.

त्या दिवशी मी समोरच्या दारातून सगळं पाहिलं. त्या रडल्या नाहीत. रशीदभाईंना आत बसवलं आणि त्यांच्या हातात कप दिला. पुढे कधीतरी सुशीलाताईंनी मला सांगितलं, "चहा झालेला होता, सेक्रेटरी. वाया कशाला घालवायचा?" आणि पुढे म्हणाल्या, "गाडी आली. माणूस मागे राहिलाय एवढंच."

मला तेव्हा ते दुःखातलं बोलणं वाटलं.

त्यानंतर दर रविवारी सकाळी रशीदभाई यायचे आणि पद्मिनीला एक चक्कर मारून आणायचे. उभी राहून टायर बसतात, बॅटरी उतरते, हे कारण होतंच. पण चक्कर मारून ते मुद्दाम त्याच कोपऱ्यावरून वळायचे, त्याच गिअरमध्ये, आणि शेवटी एक रेस. वर आधण, मग पत्ती. रशीदभाई एक कप घ्यायचे, "चलतो भाभी" म्हणायचे. त्यानंतर सुशीलाताई साडी बदलून बुद्धविहारात वंदनेला जायच्या आणि पुढचा सगळा आठवडा एकदम मोकळ्या असायच्या. बाजार, मैत्रिणी, मुलीकडे खराडीला दोन-दोन दिवस मुक्काम. एवढी वर्षं वैधव्यात काढून इतकी टवटवीत राहिलेली बाई मी दुसरी पाहिली नाही.

मी एकदा आगाऊपणा करून विचारलं, "ताई, तुम्ही तर बुद्ध मानता. तुमच्यात आत्मा नसतो ना?"

"नसतोच."

"मग हे रविवारचं?"

"मी आत्म्याची वाट कुठे बघते? मी गाडीची बघते." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाल्या, "हे बघा, रविवारी सकाळी तेवढा वेळ मी त्यांच्यासाठी ठेवलाय. यायचं असेल तर तेव्हा यायचं. बाकीचे दिवस माझे. आवाज येईपर्यंत काळजी नाही."

सोसायटीत नवी पिढी राहायला आली तशी पद्मिनीच्या धुराबद्दल कुरकुर सुरू झाली. पार्किंगमध्ये चार्जिंगचे पॉइंट बसवायचा ठराव आला, त्या सभेत एका तरुण रहिवाशानं इंग्रजीमिश्रित भाषण ठोकलं. कार्बन, फ्यूचर, नेक्स्ट जनरेशन. सुशीलाताई शांतपणे ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "पॉइंट जरूर बसवा, माझी सही घ्या. धूर वाईटच. आमच्या गाडीचा रविवारी थोडा वेळ असतो. तुमच्या फटाक्यांचा किती वेळ असतो ते दिवाळीत सांगा." ठराव एकमतानं मंजूर झाला आणि पद्मिनीचं नाव परत कुणी काढलं नाही.

विजेच्या गाड्यांना त्यांचा विरोध नव्हता, हे मला आवर्जून सांगायचंय. त्यांची मुलगी प्रज्ञा खराडीच्या एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. तिनं विजेवरची गाडी घेतली तेव्हा आईला पहिली फेरी मारायला खडकवासल्यापर्यंत नेलं. मलाही बरोबर घेतलं. खरंच सुखाची गाडी होती. हादरा नाही, वास नाही, पेट्रोलपंपावरची रांग नाही. धरणाकाठी भुट्टे खाल्ले. परत येताना प्रज्ञानं विचारलं, "आई, कशी आहे गाडी?"

"छान आहे. लिफ्टसारखी आहे."

"म्हणजे?"

"बसलं की पोचतो. मधे काही होत नाही." मग जरा वेळानं म्हणाल्या, "पोरांची छाती साफ राहील, हे चांगलं केलं. फक्त ही चालू आहे की बंद, ते कुणाला विचारायचं?" प्रज्ञा हसली. मीही हसलो. त्यानंतर मी स्वतः विजेवरची स्कूटर घेतली. ती दारात आली की सुशीलाताई म्हणायच्या, "सेक्रेटरी, आता तुमच्याकडे चोर आला काय आणि तुम्ही आलात काय, सारखंच."

जुन्या गाड्यांचे नियम कडक व्हायला लागले आणि पद्मिनीच्या नोंदणीची मुदत संपत आली. सुटे भाग मिळेनासे झाले होते. रशीदभाई गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी सोलापूरला मुलाकडे गेले होते आणि रविवारच्या चकरा बंद पडल्या होत्या. सुशीलाताई कासावीस. प्रज्ञाला वाटलं, आईला गाडी भंगारात जायची भीती वाटतेय. भीती तिलाही वाटत होती. लहानपणी मागच्या सीटवर झोपून ती याच गाडीतून फिरली होती. मग तिला कुणीतरी सांगितलं की जुन्या गाडीचं इंजिन काढून त्या जागी मोटर आणि बॅटरी बसवून देतात. बाहेरून गाडी तीच, आतून नवी, आणि सगळं कायदेशीर. सर्व्हिसिंगच्या निमित्तानं तिनं पद्मिनी नेली. आईला वाढदिवसाला चकित करायचं म्हणून कुणालाच काही सांगितलं नाही, मलाही नाही. त्या पोरीच्या मायेबद्दल मी शंका घेणार नाही. पण रशीदभाईंना एक फोन केला असता तर त्यांनी तिचे हात धरले असते.

वाढदिवसाला सकाळी बेल वाजली. प्रज्ञा आईला डोळे मिटायला लावून खाली घेऊन गेली. पद्मिनी नवरीसारखी उभी होती. दुधी रंग चकचकीत, क्रोम लखलखीत, आतल्या सीटसुद्धा तशाच शिवलेल्या. सुशीलाताईंनी बॉनेटवरून हात फिरवला. प्रज्ञानं त्यांना ड्रायव्हरच्या जागी बसवून चावी फिरवायला सांगितली. त्यांनी फिरवली. एक हिरवा दिवा लागला.

त्या वाट बघत राहिल्या.

"चालू आहे, आई."

"हो का?" त्या म्हणाल्या. आणि बराच वेळ डोकं किंचित पुढे झुकवून बसून राहिल्या, जशा फोन ठेवायच्या आधी थांबत. मग उतरल्या, लेकीच्या गालावरून हात फिरवला, "फार छान केलंस," म्हणाल्या. आम्ही पेढे खाल्ले. जाता जाता त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, "जुनं इंजिन कुठं आहे गं?"

"ते त्या लोकांनी भंगारात दिलं. काही कामाचं नव्हतं."

सुशीलाताईंनी मान डोलावली.

काही आठवड्यांनी रशीदभाई काठी टेकत परत आले. त्यांना गाडी दाखवली. त्यांनी बॉनेट उघडलं, आत बघितलं आणि कुणाकडे न बघता हळूच बंद केलं. "भाभी, चक्कर मारून आणू?" एवढंच म्हणाले. सवयीनं त्या म्हणाल्या, "आणा." त्या वर जाऊन स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभ्या राहिल्या असणार. मी घरात पेपर वाचत होतो. खूप वेळ कसलाच आवाज नाही. मग एकदम त्यांच्या दाराची बेल, आणि त्याच क्षणी आत भांडं पडल्याचा मोठा आवाज. मी दार उघडून बघतो तो रशीदभाई दारात चावी घेऊन उभे, आणि समोर सुशीलाताई भिंतीला टेकून पांढऱ्याफटक. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या दारापर्यंत कुणीतरी त्यांच्या नकळत आलं होतं.

त्या दिवसापासून त्यांनी दार उघडं ठेवायला सुरुवात केली.

आधी वाटलं, उकाडा असेल. मग लक्षात आलं की त्या विहारात जात नाहीत, भाजीसुद्धा वरूनच टोपलीतून ओढून घेतात. खराडीला मुलीकडे जाणं बंद. डोळ्यांची तपासणी ठरली होती, ती टाळली. थर्मासमध्ये चहा कायम भरलेला, निवला की ओतायचा आणि नवा करायचा. बोलताना अर्धं लक्ष जिन्याकडे. इतकी ताठ बाई दोन महिन्यांत वाळून गेली. प्रज्ञा माझ्यापाशी येऊन रडली. "काका, मी बाबांची गाडी वाचवली. मग आई अशी का करतेय?" मलाच अजून कळलं नव्हतं. मी सरळ सुशीलाताईंनाच जाऊन विचारलं.

त्या पायपुसण्यावर नजर ठेवून म्हणाल्या, "सेक्रेटरी, आधी मला कळायचं. कोपऱ्यावर आले की कळायचं. म्हणून मी बाहेर जाऊ शकत होते. आता गाडी येते आणि ऐकू येत नाही. म्हणजे ते केव्हाही येऊ शकतात. आत्ता आले असतील. मी बाजारात असताना येऊन गेले असतील. दार बंद बघून परत फिरले तर? अबोल माणूस, हाकसुद्धा मारायचा नाही."

आमच्या या शहाण्या, तुसड्या, आत्मा न मानणाऱ्या शेजारणीनं मेलेल्या नवऱ्याला एका सकाळपुरतं बांधून ठेवलं होतं. आणि आम्ही सगळ्यांनी मिळून, पेढे खाऊन, ती दोरी सोडून दिली होती.

प्रज्ञा भंगारवाल्यांच्या दुकानांतून इंजिन शोधत फिरली, ते वितळून गेलं होतं. मग तिनं इंटरनेटवरून पद्मिनीच्या इंजिनाचा आवाज शोधून काढला आणि गाडीत एक स्पीकर बसवला. रशीदभाईंनी गाडी कोपऱ्यावरून आणली, आवाज अगदी हुबेहूब, मी खिडकीत उभा होतो, मलाही क्षणभर भास्करराव आले असं वाटलं. सुशीलाताईंनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाल्या, "बंद करा ते. ही दुसऱ्याच कुणाची गाडी आहे. तो माणूस क्लच अर्धा दाबतो. आणि घरी यायची त्याला घाई नाही." प्रज्ञानं त्याच दिवशी स्पीकर काढून टाकला.

शेवटी प्रज्ञानं ठरवलं की आईला कायमचं खराडीला न्यायचं. सुशीलाताईंनी विरोध केला नाही, होही म्हणाल्या नाहीत. तिकडे गेल्यावर त्या फार दिवस राहिल्या नाहीत, झोपेतच गेल्या असं कळलं. तिकडे मी जायचं जायचं म्हणत राहिलो, जमलं नाही. म्हणून मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या जायच्या आदल्या दिवशी, सकाळी.

मी दूध घेऊन परत येत होतो. पार्किंगमध्ये पद्मिनी उभी, आणि तिच्यात डाव्या बाजूच्या सीटवर सुशीलाताई. इस्त्रीची साडी, केसांना तेल, मांडीवर पर्स. ड्रायव्हरच्या बाजूचं दार सताड उघडं होतं. गाडी येण्याजाण्याच्या वाटेला लागूनच उभी होती, येणाऱ्याजाणाऱ्याचा धक्का लागेल म्हणून मी ते दार लावायला गेलो.

"राहू द्या," त्या म्हणाल्या.

मी खिडकीशी वाकलो. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्यांचा चेहरा निवांत दिसत होता. जिन्याकडे लागलेलं ते अर्धं लक्ष आता कुठेच नव्हतं. पूर्वी रविवारी विहारात जाताना दिसायच्या तशा दिसत होत्या.

"कुठे निघालात, ताई?"

"जरा फेरी मारून येऊ म्हणालेत. आत्ताच वर गेले." त्या अगदी सहज बोलत होत्या, घरच्या माणसाबद्दल बोलावं तसं. "चष्मा विसरले. येतीलच खाली."

"मी बघून येतो," असं माझ्या तोंडून निघून गेलं.

"नका. मागे लागलेलं आवडत नाही त्यांना." मग माझ्या हातातल्या पिशवीकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही जा, दूध नासेल."

मी जिना चढलो. आमची दोन दारं समोरासमोर आहेत. माझं कुलूप उघडायचं म्हणजे त्यांच्या दाराकडे पाठ करावी लागते. त्यांचं दार उघडंच होतं, आत पडदा हलत होता, आत कुणी असायचं काही कारण नव्हतं. मी हिशेबी माणूस, आयुष्यभर भुताखेतांच्या गोष्टींना नाक मुरडत आलो. तरी पाठीवर काहीतरी जाणवत होतं आणि किल्ली कुलपात बसेना. वळून एकदा बघितलं असतं तर काय ते कळलं असतं. मी वळलो नाही. कुलूप उघडलं, आत पाऊल टाकलं, आणि दार लावून घेता घेता खालमानेनं म्हणालो, "जयभीम, भास्करराव."